खाऱ्या वाऱ्यातली फियाट

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे बंद झाली. त्या आठवड्यात तिच्यावर खूप लिहून आलं आणि मी ते आवडीने वाचलं. स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढची सलग सीट, टपावरचं कॅरिअर, सगळ्यांचे उल्लेख होते. पत्र्याचा मात्र माझ्या वाचनात आला नाही. भाईंदरजवळच्या मुर्ध्यात आमच्या अंगणात तेव्हा एक पद्मिनी खालून कापून ठेवलेली होती, म्हणून ती उणीव मला जास्त जाणवली असेल. पण जुनी गाडी तरते की जाते, हे पत्र्यावर ठरतं. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं. पत्रा सडला की दुसरं काही बसवायला जागाच उरत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. कंपनी १९४४ साली काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे सीसीची फियाट आली. गोल नाकाडाच्या त्या पहिल्या गाडीला लोकांनी लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’, १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नावं बदलली तरी १०८९ सीसीचं इंजिन तेच आणि सांगाड्याची कल्पनाही तीच. ही कल्पना नीट समजून घ्यायला हवी. फियाटने १९५३ मध्ये ही ११०० आणली तेव्हा तिला ट्रकसारखी वेगळी चॅसी ठेवली नाही. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पोकळ पेट्या, खांब, छप्पर हे सगळं एकमेकांना जोडून एकच कवच केलं. त्याने गाडी हलकी झाली, वळणावर नेटकी झाली, इतकी की तिची ‘टीव्ही’ नावाची वेगवान आवृत्ती इटलीत शर्यतीत धावली. पण अशा गाडीत दरवाज्याखालची पेटी, जिला गॅरेजवाले ‘सिल’ म्हणतात, शोभेची नसते. गाडीचं वजन तिच्यावर असतं. सिल कुजली की गाडी मधोमध वाकायला लागते आणि दरवाजा लावताना उचलून लावावा लागतो.

आमची पद्मिनी ऐंशीच्या दशकातली. बाबांनी ती नव्वदीत दादरच्या एका कुटुंबाकडून घेतली. भाईंदर तेव्हा झपाट्याने वाढत होतं. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली होती, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. पण राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात अंगणं टिकून होती, त्यामुळे गाडी इमारतीच्या पार्किंगऐवजी घरासमोर उभी राहायची. दादरलाही समुद्र आहेच. मुर्ध्यात मात्र एका अंगाला मिठागरं, दुसरीकडे खाडी आणि पुढे उत्तनचा किनारा. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की ओठांवर खारट लागतं. तेच मीठ बॉनेटवर, रबराच्या पट्टीखाली, मडगार्डच्या आतल्या कडेला बसतं.

मीठ लोखंड खात नाही, ते पाणी धरून ठेवतं. हवेतला ओलावा ओढून घेऊन पत्र्यावर एक पातळ खारट थर कायम राखतं आणि त्या थरातून गंजण्याची क्रिया भराभर चालते. मिठातलं क्लोराइड गंजाच्या थराखाली शिरून तो थर घट्ट बसूच देत नाही. त्यात गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग आतून फुगतो. वर दिसणारा फोड वाटाण्याएवढा असला तरी आत तळहाताएवढी जागा गेलेली असते. याच भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. त्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा अदृश्य थर पत्र्याला राखतो, आणि त्याच खाऱ्या हवेत ती भांडी लखलखत राहतात. गाडीचा पत्रा साधा, मऊ लोखंडाचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची सबंध गाडी ऑडीने १९८५ मध्ये बाजारात आणली. आमच्या पद्मिनीच्या वाट्याला रंग आणि अस्तर यापलीकडे काही आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना सांगावीशी वाटते. आपल्याकडे नळाचं पाणी मोजून येतं, त्यामुळे गाड्या धुवायला सर्रास बोअरचं पाणी वापरतात. खाडीकाठचं बोअर मचूळ. रोज सकाळी त्या पाण्याने गाडी धुतली की वरची धूळ जाते आणि दरवाज्याच्या पोटात, सिलच्या फटीत रोज थोडं मीठ जाऊन बसतं. गाडी चकचकीत ठेवणाऱ्यांच्याच गाड्या आमच्या भागात आधी सडलेल्या मी पाहिल्या आहेत.

नव्वद ते दोन हजार दहा या काळात आमच्या गाडीला जे झालं ते मुंबईतल्या बहुतेक फियाटींना झालं. गंज दिसला की डेंटिंग-पेंटिंग. डेंटिंग म्हणजे सडलेल्या भागावर वरून पत्र्याचा तुकडा चिकटवायचा, त्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासून सपाट करायची आणि रंगाचा हात द्यायचा. दोन पावसाळे गाडी नवी दिसायची, तिसऱ्यात पुन्हा फोड. लांबी ओलावा शोषते आणि जुन्या गंजाला झाकून ठेवते, त्यामुळे प्रत्येक रंगकामानंतर गाडी थोडी जड आणि थोडी कमकुवत होत गेली. त्या कारागिरांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक दिवाळीच्या आत, मोजक्या पैशात चकचकीत गाडी मागत होतं. ते त्यांनी दिलं.

मग गाडी काही वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. माझ्या मते तिचं सर्वांत जास्त नुकसान याच काळात झालं, कारण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि वारा लागत नाही.

टाळेबंदी संपल्यावर आम्ही ती घरीच दुरुस्त करायची ठरवली. मदतीला आले शेजारच्या गावातले एक डेंटर काका. उमेदवारी कुर्ल्यात केलेली, वय सत्तरीच्या पुढे. पहिल्या दिवशी त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढलं आणि सिलवरून पुढून मागे हळूहळू फिरवत नेलं. पुढच्या चाकाजवळ ते घट्ट चिकटलं, दरवाज्याच्या मध्यावर सैल झालं, मागच्या चाकाच्या अलीकडे हातातून निसटून खाली पडलं. तिथे खडूने रेघ मारली. सबंध गाडीभर अशा रेघा मारून झाल्या तेव्हा खालचा जवळजवळ वीतभर पट्टा खडूच्या आत गेला होता. “एवढी सगळी लांबी आहे बाळा,” काका म्हणाले. “पत्रा कधीच गेलाय. तुम्ही इतकी वर्षं लांबीत बसून फिरत होतात.” बाबा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, “होईल ना?” काकांनी मान डोलावली.

त्यानंतरचं काम सावकाश झालं आणि त्याचा क्रम काकांनी ठरवला. गाडी समतल ठेवून चार ठिकाणी टेकू दिले. दारांच्या चौकटीत आडवे अँगल तात्पुरते वेल्ड करून घेतले, कारण सिल कापल्यावर सांगाडा खचला तर दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण जोडायची, मगच दुसरी. लांबी आणि जुने तुकडे काढल्यावर आत पत्र्यावर पत्रे चढवलेले सापडले, मध्ये कोरडी लाल भुकटी. चमकदार, निरोगी लोखंड लागेपर्यंत कापत जायचं हा नियम, आणि तो पाळताना फार जिवावर येतं. भोक दर तासाला मोठं होत जातं.

परदेशात जुनी स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करणाऱ्यांना या टप्प्यावर एक सोय असते. ब्रिटनमध्ये १९६२ च्या एमजीबीचा सांगाडाही असाच एकसंध होता आणि तीही सिलमध्येच कुजते. पण तिथे १९८८ पासून सबंध नवं कवच बनवून मिळतं. आपल्याकडे गोव्यात मिलिंद थत्ते यांच्या सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली तेव्हा बॉडीच फायबरची केली, म्हणजे वरचा गंजाचा प्रश्नच मिटला. फियाटवाल्याला यातलं काहीच नाही. कापलेल्या भागाचा पुठ्ठ्यावर नमुना काढायचा, तो वीस गेजच्या पत्र्यावर आखायचा, कातरायचा आणि हातोडी-डॉलीवर ठोकत वळवायचा. सिलची बाहेरची गोलाई काकांनी एका जुन्या पाइपावर पत्रा दाबून काढली. वेल्डिंगचे टाके सलग मारायचे नाहीत. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा उष्णतेने लाटा घेतो. हे पाहताना मला पहिल्यांदा नीट कळलं की डेंटरचं काम मारण्याचं कमी आणि पत्र्याला परत जागेवर यायला लावण्याचं जास्त आहे.

जोड पूर्ण झाल्यावर आतल्या पोकळ्या नळाच्या गोड्या पाण्याने धुतल्या, उन्हात दोन दिवस तापवल्या. उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावलं. त्याने लाल गंज काळपट होतो आणि पत्र्यावर फॉस्फेटचा थर धरतो. मग आतून-बाहेरून इपॉक्सी अस्तर. लांबी लागलीच तर अस्तराच्या वर, उघड्या लोखंडावर कधीही नाही. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं वर्षानुवर्षांच्या रंगाने बुजली होती, ती सळईने मोकळी केली. शेवटी सिलच्या पोटात पातळ मेण फवारलं. जुन्या काळी याच जागी जळकं ऑइल ओतायचे, असं काका म्हणाले. ती पद्धतही वाईट नव्हती.

रंगाची पाळी आली ती डिसेंबरात. मिठागरात मीठ धरायचा हंगाम आणि गाडी रंगवायचा हंगाम आमच्याकडे एकच, कारण दोन्हींना कोरडा वारा आणि स्वच्छ ऊन लागतं. जुना नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला ड्युपाँटच्या १९२३ च्या ‘ड्युको’ वरून अजूनही ड्युको म्हणतात, झटपट वाळतो. पण थिनर उडताना पत्रा थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. भाईंदरच्या ऑगस्टमध्ये तो मारणं म्हणजे मेहनत वाया. आम्ही पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग घेतला, हार्डनर मिसळायचा दोन भागांचा. तो टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं आणि साधा कापडी मास्क त्याला काहीही करू शकत नाही. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे गंभीरपणे घ्यावं. बाहेरची ताजी हवा नळीने पुरवणारा मास्क मिळाला तरच गन हातात धरावी. आम्ही तो भाड्याने आणला, फवारणीच्या वेळी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना लांब ठेवलं, प्लॅस्टिकचा आडोसा केला. गाडी दवाचा ओलावा उतरल्यावर, सकाळी दहाच्या पुढे रंगवायची. आठशेच्या वॉटर पेपरने घासलेल्या राखाडी अस्तरावर पहिला हात विरळ, दुसरा भरून. काकांनी गन पूर्ण वेळ पत्र्यापासून वीतभर अंतरावर, समांतर धरली. मनगट एकदाही वळलं नाही, हात खांद्यातून चालत होता.

आरसी बुकात मूळ रंग पांढरा होता, म्हणून पांढराच ठेवला. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि मूळ रूपाला आता कायद्यातही किंमत आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपात राखलेलं खासगी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात आणि नोंद दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, मेळावे-प्रदर्शनांना नेता येते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी त्या उंबरठ्यावर पोचल्या. आमची अजून बरीच लांब आहे, तोवर साधं पासिंग वाढवत राहायचं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारचं नूतनीकरण सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. खर्च वाढला खरा. तरीही पत्रा राखलेली गाडी सुरक्षित असते आणि सडलेली नसते, हे तपासणीत काटेकोरपणे पाहिलं जावं असं मला मनापासून वाटतं. आज नजर रंगावर आणि धुरावर जास्त असते.

काकांना आता खाली वाकून काम होत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं विम्याच्या कामांकडे वळली, जिथे चेपलेला दरवाजा ठोकत नाहीत, नवा बसवतात. म्हणून सिल, फ्लोअर आणि मागच्या चाकाची कमान यांचे पुठ्ठ्याचे नमुने आम्ही टाकले नाहीत. त्यांवर काकांनी घडीच्या रेघा आणि मापं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. त्यांवरून पातळ प्लायचे पक्के नमुने कापून घेतले. सिलच्या नमुन्यांचा जोड सध्या वसईतल्या एका फियाटवाल्याकडे आहे, त्याच्या गाडीची डावी बाजू कापून झाली आहे.