सेल्फ हेल्प ग्राफिक्स : चिकानो कलेचे लोकाश्रयी दालन

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट’ ही संस्था कलादालन, छापखाना आणि कलाशाळा या तिन्ही भूमिका एकाच छताखाली पार पाडत आली आहे, आणि चिकानो कलेच्या इतिहासातील तिचे महत्त्व या त्रिवेणी स्वरूपातच आहे. ‘चिकानो’ हे अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या नागरिकांचे नाव असून, पूर्वी हेटाळणीने उच्चारले जाणारे हे नाव १९६०च्या दशकातील हक्कांच्या चळवळीत त्या समाजाने अभिमानाने धारण केले.

या समाजाच्या इतिहासाची एक निर्णायक तारीख १८४८ ही आहे. त्या वर्षीच्या ग्वादालूपे हिदाल्गो तहान्वये कॅलिफोर्नियासह मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तेथील रहिवासी आपल्याच भूमीत अल्पसंख्य ठरले. पुढे सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता यांच्या नेतृत्वाखालील शेतमजुरांचा लढा, निकृष्ट शिक्षणाविरुद्ध १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांनी शाळांतून बाहेर पडून केलेला निषेध आणि ऑगस्ट १९७० मधील व्हिएतनाम युद्धविरोधी विराट मोर्चा, ज्या दिवशी रुबेन सालासार हे पत्रकार पोलिसांच्या कारवाईत मृत्युमुखी पडले, या घटनांमुळे चळवळीला धार आली. चळवळीला भित्तिपत्रके हवी होती, फलक हवे होते, आपले चेहरे रंगवणारी चित्रे हवी होती. शहरातील मोठी संग्रहालये मात्र या कलेला कलाच मानत नव्हती. १९७२ मध्ये ‘आस्को’ या गटाच्या तरुण कलावंतांनी लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयाच्या बाह्यभागावर आपली नावे रंगाने फवारली, ती या उपेक्षेच्या निषेधार्थ; त्याच संग्रहालयात १९७४ मध्ये ‘लोस फोर’ या चार चिकानो चित्रकारांचे प्रदर्शन भरले.

स्वतःची जागा स्वतःच उभारण्याचा विचार याच काळात आकाराला आला. फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगीण आणि मुद्राचित्रकार सिस्टर कॅरेन बोकालेरो यांनी कार्लोस ब्वेनो, आंतोनियो इबान्येस आणि फ्रँक एर्नांदेस या कलावंतांच्या साथीने पूर्व लॉस एंजेलिसमधील एका गॅरेजमध्ये छपाई सुरू केली आणि १९७०च्या दशकाच्या प्रारंभी त्यातून ही संस्था उभी राहिली. बोकालेरो यांनी ज्या महाविद्यालयात शिक्षण घेतले, तेथे कोरिटा केंट या स्वतः जोगीण असलेल्या ख्यातनाम मुद्राचित्रकार शिकवीत असत.

संस्थेने निवडलेले माध्यम स्क्रीन प्रिंटिंगचे होते. चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडाचा चित्राबाहेरील भाग बंद करून, रबरी पट्टीने शाई दाबून कागदावर उतरवायची आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट वापरायची, ही पद्धत महाराष्ट्रात लग्नपत्रिकांच्या छपाईमुळे अनेकांना परिचित आहे. तिला अवजड यंत्रे लागत नाहीत आणि एका चित्राच्या अनेक अस्सल प्रती निघत असल्यामुळे कष्टकरी कुटुंबालाही मूळ कलाकृती घरी लावता येते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी संस्थेने ‘आतेलिए’, म्हणजे निमंत्रित कलावंतांनी कुशल मुद्रकाच्या साहाय्याने चित्रमालिका छापण्याची कार्यशाळा, सुरू केली. छापलेल्या प्रतींचा एक वाटा कलावंताला आणि दुसरा संस्थेला मिळे, त्यामुळे कलावंताचे अर्थार्जन आणि संस्थेचा संग्रह ही दोन्ही कामे साधत. एस्तेर एर्नांदेस यांचे ‘ला ओफ्रेंदा’ हे १९८८ मधील चित्र येथेच छापले गेले. त्यात एका स्त्रीच्या पाठीवर मेक्सिकन भाविकांची ग्वादालूपेची सावळी माता मेरी गोंदलेली असून, शेतमजुरांच्या मोर्चांत निशाणावर मिरवलेली ही धर्मप्रतिमा येथे स्त्रीच्या देहाची आणि स्वत्वाची खूण बनते.

प्रेक्षक दालनात येईल याची वाट न पाहता दालनानेच वस्तीत जावे, ही संस्थेची भूमिका होती. १९७५ मध्ये सुरू झालेले फिरते कलापथक मोटारगाडीतून साहित्य घेऊन शाळांत आणि वस्त्यांत जाई आणि मुलांना छायाचित्रण, बाटिक, शिल्प अशा कला शिकवी. नोव्हेंबरच्या आरंभी येणाऱ्या ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या मृतांच्या स्मरणाच्या मेक्सिकन सणाला संस्थेने सार्वजनिक रूप दिले: वस्तीतील कबरस्तानापासून मिरवणूक निघे, सहभागी लोक चेहरे कवटीसारखे रंगवत आणि दालनात ‘ओफ्रेंदा’ मांडल्या जात. ओफ्रेंदा म्हणजे दिवंगतांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले यांनी सजवलेली वेदी. दसरा-दिवाळीला महाराष्ट्राच्या दारांवर चढणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच होय.

१९९७ मध्ये बोकालेरो यांचे निधन झाले. एदुआर्दो ओरोपेसा यांनी रंगीत तुकड्यांच्या जडावाने सजवलेली संस्थेची प्रदीर्घ काळची इमारत २००८ मध्ये विकली गेल्यावर २०११ मध्ये संस्था जवळच्या बॉयल हाइट्स भागात गेली आणि २०१८ मध्ये तेथील वास्तू तिने विकत घेतली. घरभाडे वाढून जुने रहिवासी आणि त्यांच्या संस्था विस्थापित होत असलेल्या या भागात स्वतःच्या मालकीचे छप्पर असणे ही अस्तित्वाची हमी आहे. समाजाची कला टिकायची असेल, तर ती निर्माण करण्याची, शिकवण्याची आणि दाखवण्याची साधने त्या समाजाच्या हाती असली पाहिजेत, आणि अर्धशतकाहून अधिक काळ हे तत्त्व आचरणात आणले, हेच सेल्फ हेल्प ग्राफिक्सचे सर्वांत मोठे कार्य होय.