छापा की काटा? सारखं दिसणं आणि सारखं असणं

आज एक साधा प्रश्न घेऊ. दोन ॲप्स बाहेरून अगदी सारखी वागतात. मग एक काढून त्याच्या जागी दुसरं टाकलं तर चालेल का? उत्तर आहे, दर वेळी नाही. का, ते टॉसवरून बघू.

समजा, टॉसची दोन ॲप्स आहेत. दोन्हींत आधी ‘उडव’ दाबायचं, मग ‘दाखव’. पहिलं ॲप ‘उडव’ दाबताक्षणी छापा की काटा ते ठरवून टाकतं आणि झाकून ठेवतं. दुसरं मात्र ‘दाखव’ दाबेपर्यंत काहीच ठरवत नाही. हजार वेळा खेळा, दोन्हीकडे निकाल साधारण निम्मे-निम्मेच. नुसते निकाल मोजून फरक कळणारच नाही.

आता मध्ये एक मित्र आणा. ‘उडव’ झाल्यावर, पण ‘दाखव’च्या आधी, तो कॉल देतो. पहिल्या ॲपमधून निकाल फुटला, तर मित्र 100 टक्के जिंकणार! दुसऱ्यात फुटण्यासारखं काही नाहीच, त्यामुळे तो कितीही चलाख असला तरी शक्यता 50 टक्केच. सिस्टीम तपासणारे नेहमी अशी सगळ्यात वाईट वेळ धरून चालतात. एकटी असताना सारखी वाटणारी ॲप्स जोडीदार आल्यावर वेगळी निघाली. रोबेर्तो सेगाला यांनी 1995 च्या पीएचडी प्रबंधात नेमका हाच प्रकार अभ्यासला होता.

मग ‘सारखं’ म्हणायचं कशाला? किम लार्सन आणि आर्ने स्को यांनी 1989 मध्ये एक कसोटी मांडली: प्रोबॅबिलिस्टिक बायसिम्युलेशन. सिस्टीमच्या अवस्थांचे गट पाडायचे. दोन अवस्था एका गटात कधी? तर कुठलंही बटण दाबलं तरी प्रत्येक गटात पोहोचण्याची एकूण शक्यता दोघींची सारखी असेल तेव्हाच. आपल्या पहिल्या ॲपमध्ये ‘उडव’नंतर ‘छापा ठरला’ किंवा ‘काटा ठरला’ अशा अवस्था येतात. दुसऱ्यात ‘अजून काहीच ठरलं नाही’ ही एकच. गट जुळत नाहीत, म्हणून ॲप्स वेगळी. फरक पकडला!

आणि खरी गंमत पुढे आहे. ही समानता कॉन्ग्रुअन्स असते. म्हणजे काय? तर या कसोटीला उतरलेले दोन भाग कुठल्याही तिसऱ्या भागाशी जोडा, अख्खी सिस्टीमही सारखीच वागते. भाग बिनधास्त बदला.

याचा उपयोग काय? समजा 10 उपकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या 10 अवस्था. एकत्र मिळून 1000 कोटी अवस्था झाल्या! सारख्या अवस्था एकत्र करून प्रत्येकात 4 उरल्या, तर एकूण फक्त साडेदहा लाखांच्या आसपास. वायफायसारख्या, मुद्दाम रँडम वेळ थांबणाऱ्या यंत्रणा तपासताना हे फार कामी येतं.

एक अडचण मात्र आहे. एका नाण्याची शक्यता 0.5 आणि दुसऱ्याची 0.501 असेल, तर ही कसोटी सरळ ‘वेगळी’ म्हणते. म्हणून 1999 मध्ये देशार्ने, गुप्ता, जगदीशन आणि पनंगडेन यांनी ‘सारखं की वेगळं’ऐवजी ‘किती वेगळं’ हे अंतर मोजायची पद्धत दिली.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं ‘दोन्ही सेमच आहे रे’, तर एवढंच विचारा: एकटं असताना, की सगळ्यांसोबत?