लहरींच्या वाटेवर (भाग ६) : बूस्टर बसवला आणि चित्र गेले

मागच्या भागात अँटेनाची दिशा आणि उंची पाहिली. दोन्ही बरोबर असूनही कधी चित्र चौकोनाचौकोनांत फुटते, आवाज तुटतो. मग माणूस लहरींचा जोर वाढवणारा बूस्टर आणतो, आणि पुष्कळदा दुखणे आणखी वाढते.

उदाहरण अमेरिकेचे घेऊ. आपल्याकडे केबल आणि डिशने छपरावरचा अँटेना उतरवला. तिथे मात्र केबलचे बिल वाचवायला अनेकांनी तो पुन्हा चढवला. २०१७ मध्ये तिथे टीव्हीच्या वरच्या वाहिन्यांचा पट्टा लिलावातून मोबाइल कंपन्यांकडे गेला. जुलै २०२० पर्यंत टीव्ही केंद्रे खाली सरकली. आता टीव्ही ३६व्या वाहिनीवर, ६०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि ६१७ पासून मोबाइल मनोऱ्यांचे प्रक्षेपण सुरू होते. पूर्वी घेतलेले अँटेने आणि बूस्टर मात्र हा सगळा पट्टा आत घेतात.

टीव्ही केंद्र पन्नास किलोमीटरवर आणि मनोरा दोन गल्ल्यांपलीकडे असला, तर बूस्टरला हवी-नको लहर ओळखता येत नाही. झेपेनाशी जोरदार लहर आली की तो हवेत नसलेल्या नव्या लहरी स्वतःच निर्माण करतो. त्यांतल्या काही मूळ लहरीच्या दुप्पट वारंवारतेच्या असतात. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्याची दुप्पट १७६ ते २१६. अमेरिकेतल्या ७ ते १३ या टीव्ही वाहिन्या १७४ ते २१६ मध्येच बसतात. रेडिओ केंद्राचे प्रक्षेपण निर्दोष असते; घाण होते ती आपल्या बूस्टरमध्ये.

म्हणून फिल्टर लावायचा तो अँटेना आणि बूस्टर यांच्या मध्ये. बूस्टरनंतर लावून उपयोग नाही. आमटीत विरघळलेले मीठ गाळणीने निघत नाही. मोबाइलसाठीचा फिल्टर घेताना तो ६०८ च्या वरचे अडवतो ना, हे पाहावे. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी बनवलेले जुने फिल्टर ६१७ ला वाट मोकळी सोडतात. एफएमचा त्रास असेल तर एफएम ट्रॅप वेगळा लागतो.

घरातल्या गोंगाटाला मात्र हा इलाज चालत नाही. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांचा उपद्रव नेमका टीव्हीच्या पट्ट्यात, विशेषतः खालच्या, म्हणजे व्हीएचएफ वाहिन्यांवर होतो. तो गाळला तर वाहिनीही गाळली जाईल. एकेक उपकरण बंद करत अपराधी शोधावा. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून येणारा गोंगाट फेराइटच्या कड्यातून केबलचे काही वेढे घेतल्याने कमी होतो. कनेक्टर सैल नसावेत.

क्रम असा ठेवावा: आधी बूस्टर काढून पाहा, मग फिल्टर लावा. केबल लांब असेल किंवा एका अँटेनावर अनेक टीव्ही असतील, तरच बूस्टर पुन्हा जोडा.

पुढील भागात : इमारतींवरून परतणाऱ्या लहरी.