आज्ञावली समजली कीं पाठ झाली?

सोलापुराजवळील कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिचें लोकार्पण २००६ सालीं झालें. पुढें २०२४ च्या जानेवारींत तेथेंच रे नगरांतील पंधरा हजार घरें कामगारांच्या हातीं आलीं. अशा घरांतील मूल संगणकाची विद्या शिकूं लागलें, कीं साऱ्या घराची आशा त्याच्यावर खिळते. म्हणून ती विद्या त्यास खरोखर आली कीं नाहीं, हें पारखण्याची रीत चोख असली पाहिजे.

विडीची पारख तयार माल पाहून होते. आज्ञावलीची तशी होत नाहीं. ती यंत्रावर बिनचूक चालली, तरी देणाऱ्यास तिचा अर्थ कळला असें ठरत नाहीं. ती पाठ केलेली, शेजाऱ्याची उतरून घेतलेली, किंवा हल्लीं यंत्रानेंच लिहून दिलेली असूं शकते.

एक लहानसें उदाहरण पाहूं. 'अ'ची किंमत 'क'मध्यें ठेवा. मग 'ब'ची 'अ'मध्यें. शेवटीं 'क'ची 'ब'मध्यें. यावर तीन प्रश्न विचारावे. आरंभीं अ ५ आणि ब ८ असतां शेवटीं काय उरेल? कागदावर पायरीपायरीनें मांडल्यास अ ८ व ब ५ येतात. हा सारा खटाटोप कशासाठीं? येथें एक विद्यार्थी तिन्ही ओळीच पुन्हा वाचून दाखवितो, दुसरा म्हणतो, "दोन किमतींची अदलाबदल." खरी समज दुसऱ्याची. 'क' गाळून ब अ-मध्यें आणि अ ब-मध्यें ठेवला तर? दोन्हीकडे ८ च राहतात. ५ कायमचे पुसले जातात. दूध व पाणी यांचे तांबे बदलावयाचे, तर तिसरें भांडें लागतेंच.

ही रीत केवळ तर्काची नव्हे. बिग्ज व कॉलिस यांनीं १९८२ सालीं उत्तरांतील समजेच्या पायऱ्या मांडल्या. लिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ सालीं अनेक देशांत असें आढळलें, कीं पुष्कळ नवशिक्यांना लहान आज्ञावलीहि नीट वाचून तिचा परिणाम सांगतां येत नाहीं. २००६ सालीं त्यांनीं दाखविलें, कीं शिक्षक बहुधा हेतु सांगतात, तर विद्यार्थी बहुधा ओळी सांगतात.

सोलापुरांत मराठीबरोबर तेलुगू आणि कानडी बोलणारीं घरेंहि पुष्कळ. तेव्हां हेतूचें उत्तर विद्यार्थ्यास स्वभाषेंत देऊं द्यावें; नाहींतर आपण त्याची समज न मोजतां इंग्रजी मोजीत बसूं. चाललेल्या आज्ञावलीस अर्धे गुण द्यावे. उरलेले अर्धे, ती कां चालली हें सांगणाऱ्यास राखून ठेवावे.