सर्फचा सूर – ७ : उडणारी तार

रिव्हर्बची टाकी या आठवड्यात उघडायची, असं मी कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला चार दिवस झोपू देत नाहीये. चौथा भाग वाचून त्यांनी जुनी जॅझमास्टर घेतली, तिला ९ चा सेट घातला आणि 'पाइपलाइन'मधला तो तळव्याने दाबलेला, जाड तारेवरचा ठेका धरला. दहाव्या-बाराव्या आघाताला सहावी तार सॅडलवरून टुणकन उडून शेजारच्या खाचेत जाऊन बसते. ज्याला विचारावं तो म्हणतो, ब्रिज बदला. 'बदलू का?' असं त्यांनी विचारलंय.

नका बदलू. निदान आज तरी नको.

ही गिटार १९५८ साली बाजारात आली ती जॅझवाल्यांसाठी. नावातच आहे. खुर्चीवर बसून मऊ सुरात वाजवणाऱ्यांनी फेंडरची सगळ्यात भारी गिटार घ्यावी, हा हिशेब. जॅझवाले फारसे फिरकले नाहीत. ती उचलली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी, आणि तिच्यावर असे प्रहार केले की लिओ फेंडरने त्याची कल्पनाही केली नसेल. पण तेव्हा तार उडत असल्याचा एवढा बोभाटा नव्हता, कारण तेव्हाच्या तारा जाड होत्या. फ्लॅटवाउंड, आणि तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. गिटारची सगळी मापं त्या तारांना धरून काढलेली आहेत. आपण तिला ९ चा सेट घालतो आणि दोष ब्रिजला देतो.

दोष कुठे दिसतो ते बघा. ट्रेमोलोची पट्टी ब्रिजपासून बरीच मागे आहे, त्यामुळे तार ब्रिजवरून मागे जाताना जेमतेम वाकते. जेवढी कमी वाकेल, तेवढी सॅडलवर कमी दाबून बसेल. त्यात सॅडल म्हणजे आटे पाडलेला बारीक दांडा, स्क्रूसारखा. एका खाचेशेजारी दुसरी खाच तयारच. सैल तारेला जोरात नखी मारली की ती घर बदलते.

आता ताणाचं गणित. तार त्याच धातूची, लांबी तीच आणि सूरही तोच असेल, तर ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पहिली तार ९ ची काढून ११ ची घातली, म्हणजे इंचाचे फक्त दोन हजारांश वाढवले, की ताण जवळजवळ दीडपट होतो. १२ ची घातलीत तर पावणेदोन पटीच्याही थोडा वर. ब्रिज तोच, सॅडल तेच, पण तार आता बूड टेकून बसते. वर सर्फला लागणारा तो ठोस 'ठक्' मिळतो, तो वेगळाच. डिक डेल तर पहिली १६ आणि शेवटची ६० लावायचा. तो स्ट्रॅटोकास्टरवर वाजवायचा, आणि त्याचं अनुकरण करून मनगट दुखवून घ्यायची गरज नाही. ११ पासून सुरुवात करा. मिळाला तर तिसरी तार गुंडाळलेली असेल असा सेट घ्या.

तारा हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा मी स्वतः पैसे देऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझी जॅझमास्टर फ्रेट साफ करायला एका कारागिराकडे दिली. परत आली ती चकाचक, पण तारा उडायला लागल्या. आधी कधी उडल्या नव्हत्या. तारा त्याच जाडीच्या. मी आठवडाभर ब्रिजशी झटापट केली, शेवटी त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "काही नाही केलं हो. नेक सोडली तेव्हा आत पुठ्ठ्याचा एक कुजका तुकडा होता, तेवढा फेकला."

तो तुकडा म्हणजेच सगळी गंमत होती. बॉडीतल्या ज्या खोबणीत नेक बसते, तिच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पट्टी ठेवली की नेक किंचित मागे कलते. नेक कलली की तारा फ्रेटवर टेकायला येतात, म्हणून ब्रिज वर उचलावा लागतो. ब्रिज उचलला की तार मागे जाताना जास्त वाकते आणि सॅडलवर घट्ट बसते. फेंडरच्या कारखान्यातही अशा पट्ट्या घालत. मी लग्नपत्रिकेची जाड पट्टी कापून घातली. मिलिमीटरभराच्या आत काम झालं. पट्टीने लाकूड 'गातं' कमी होतं, असं सांगणारे भेटतील. त्यांना डोळे बांधून ओळखायला सांगा.

मिरजेत एकदा तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली, तेव्हा हे सगळं आठवून हसू आलं होतं. तिथे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून झणकार मुद्दाम उठवतात, आणि आपण कागदाची पट्टी घालून झणझण मारायला बसलोय. दोन्हीकडे खेळ केसाएवढ्या अंतराचा.

जाड तारांनी नेक पुढे ओढली जाते, तेव्हा ट्रस रॉड थोडा आवळावा लागेल. एकदम नको, पाव फेरा आणि मग थांबून बघा. नटच्या खाचा ९ च्या मापाच्या असतील तर सहावी तार त्यात अडकेल. कानस सावकाश चालवा, कारण खोल गेलेली खाच परत भरत नाही. ब्रिजचे बारीक स्क्रू वाजवताना फिरतात आणि उंची उतरते. त्यांच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. घरात मागायला लाजू नका.

ब्रिज पुढेमागे डुलतो म्हणून त्याच्या पायांना टेप गुंडाळणारे आहेत. तो डुलण्यासाठीच केलाय. ट्रेमोलो हलवला की तारांबरोबर ब्रिजही झुकतो, म्हणून तारा घासत नाहीत आणि सूर जागेवर परततो. बझ-स्टॉप नावाची, तारा वरून दाबणारी पट्टीही मिळते. तिने तार उडायची थांबते, पण ब्रिजमागे वाजणारी ती बारीक किणकिण मरते आणि ट्रेमोलो जड होतो. मला ती आवडत नाही. एवढं सगळं करूनही तार उडालीच, तर मस्टँगचे सॅडल घाला. त्यांत प्रत्येक तारेला एकच खोल खाच असते. ब्रिजला हात लावायचा तो तेव्हाच.

जॅग्वारवाल्यांनी हे दुप्पट मनावर घ्यावं. तिची तार दीड इंचाने आखूड, २४ इंचांची, म्हणजे त्याच सेटचा ताण अकरा-एक टक्क्यांनी आणखी कमी. तिला १२ च्या खाली काही घालू नये, असं माझं स्पष्ट मत.

टाकी पुढच्या आठवड्यात नक्की. नाशिककरांनी तोवर नेकचे चार स्क्रू सोडून आत काय आहे ते बघावं आणि मला कळवावं. कागद, पुठ्ठा, काहीही निघालं तरी फेकू नये.