हॅलो, आवाज येतोय का?

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास गंगापूर रोडवरच्या कुठल्याही हॉस्टेलच्या जिन्यात डोकावून बघा. एक जण पायरीवर, एक खिडकीत, एक गच्चीच्या दाराशी. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ मेसची भाजी, उद्याचं सबमिशन, घरी पाऊस झाला का, कांद्याला काय भाव मिळाला... सगळ्या गप्पा व्हॉट्सॲप कॉलवर.

माझी एक मैत्रीण सुरगाण्याकडची. तिच्या घरी एकच सिम. ते वडिलांच्या बटणाच्या फोनमध्ये असतं आणि फोन दिवसभर त्यांच्या खिशात. आईकडे जुना स्मार्टफोन आहे, त्यात सिमच नाही. वडिलांच्या नंबरवर आलेला ओटीपी टाकून त्यात एकदा व्हॉट्सॲप सुरू केलं, ते आजतागायत चालू आहे. संध्याकाळी आई किराणा दुकानाच्या ओट्यावर बसते, तिथलं वायफाय पकडते आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावते. रिचार्ज नाही, रेंजची कटकट नाही.

ही जुगाडू सोय पुढे चालेल का? ‘फुकट’ कॉलच्या मागे कायदा, पैसा आणि फसवणूक यांची बरीच मोठी गोष्ट आहे. ती आपल्याला माहीत असायला हवी.

आवाजाची पाकिटं

आधी हे कसं चालतं ते बघू. जुन्या लँडलाइनवर बोलताना दोन टोकांमध्ये एक पूर्ण वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडकलेलीच. इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. ती मेल, रील, गाणी यांच्यासोबत त्याच नेटवरून धावतात आणि पलीकडे पुन्हा ओळीत लागतात. काही पाकिटं उशिरा पोचली की आवाज फाटतो, आणि आपण ओरडतो, ‘आवाज येतोय का?’ अंतराचा हिशोब नसल्यामुळे नाशिक-ओझर काय आणि नाशिक-न्यू जर्सी काय, सारखंच.

परवानगी मिळाली, पण अर्धीच

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. पण त्यावरून फोन करायला कायदेशीर परवानगी मिळाली थेट १ एप्रिल २००२ ला. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता! तीही अर्धीच परवानगी. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर बोला, चालेल. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर बोला, तेही चालेल. पण कॉम्प्युटरवरून भारतातल्याच फोनवर? नाही. कारण उघड होतं. टेलिफोन कंपन्यांनी परवान्यासाठी पैसे मोजले होते, त्यांच्या धंद्यावर गदा आली असती.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये स्काइप आलं. परदेशी शिकायला गेलेला मुलगा आणि इकडे हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसलेले आईबाबा हे दृश्य घराघरांत दिसू लागलं. (ते स्काइप मे २०२५ मध्ये बंदही झालं.) भारतातल्या भारतात इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल करायची वाट मोकळी व्हायला मात्र २०१८ साल उजाडलं. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली, दूरसंचार विभागाने पुढच्या वर्षी ती मान्य केली आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ आणलं. वर्षाला १,०९९ रुपये, दहा आकडी नंबर, सिम नको, नेट असलं की झालं.

पण तोवर आपण सगळे व्हॉट्सॲपवर जाऊन बसलो होतो. २०१५ मध्ये त्यावर व्हॉइस कॉल आले, नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की मिस्ड कॉल देऊन ‘तूच लाव ना’ म्हणायचे दिवस संपले.

‘धंदा सारखा, मग नियम वेगळे का?’

कंपन्यांचं दुखणं इथून सुरू होतं. त्या स्पेक्ट्रम विकत घेतात, टॉवर उभारतात, उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यावर ८ टक्के परवाना शुल्क भरतात. कायद्याने मागितलं तर कॉल ऐकण्याची सोय पोलिस यंत्रणेला द्यावी लागते. ॲपवाल्यांना यातलं काहीच नाही. ‘सेवा सारखी, तर नियमही सारखे’ ही त्यांची मागणी जुनी आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घेणार असं जाहीर केलं. इतकी टीका झाली की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. मार्च २०१५ मध्ये ‘ट्राय’ने या ॲप्सना परवाना हवा का, असं विचारणारा मसुदा लोकांपुढे ठेवला. उत्तरादाखल दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला ‘ट्राय’ने नियम केला की, कुठली साइट किंवा ॲप वापरता यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. तुमच्या कॉलचा डेटा आणि रीलचा डेटा एकाच भावाने मिळतो, तो या नियमामुळे.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘ट्राय’ने या ॲप्सवर सध्या वेगळं बंधन नको असं सांगितलं. पुढे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्याच्या कक्षेत ही ॲप्स येत नाहीत, असं सरकारने तेव्हा सांगितलं. पण कायद्यातली व्याख्या एवढी ऐसपैस आहे की वाद मिटलेला नाही.

उलट टोक बघायचं असेल तर दुबईत नोकरी करणाऱ्या एखाद्या दादाला विचारा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. परवानगी असलेलं ‘बोटिम’सारखं ॲप घ्यावं लागतं. म्हणून त्याच्या आईच्या फोनमध्येही बोटिम असतं.

चोरही त्याच वाटेने येतो

मग सगळं मोकळं सोडायचं का? इथे प्रकरण अवघड होतं. स्वस्त आणि सीमा नसलेला कॉल जसा आईला आवडतो, तसाच भामट्यालाही. परदेशातून इंटरनेटवरून आलेला कॉल डझनावारी सिम लावलेल्या ‘सिम बॉक्स’मधून बाहेर काढायचा, म्हणजे तो इथलाच लोकल कॉल वाटतो. सरकारचा महसूल बुडतो आणि बोलणारा कोण, हे कळत नाही. परदेशातून येऊनही भारतीय नंबर दाखवणारे कॉल रोखणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले!

आणि ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे पोलिस ठाण्याचा देखावा, ‘तुमच्या नावाने पार्सल सापडलंय’ आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणं. अशा फसवणुकीसाठी वापरलेली ५९,००० व्हॉट्सॲप खाती आणि १,७०० हून जास्त स्काइप आयडी बंद केल्याचं सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितलं.

यावर उपाय म्हणून दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला एक आदेश काढला. त्याचं नाव ‘सिम बाइंडिंग’. ज्या नंबरवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालायला हवं. कॉम्प्युटरवरचं वेब व्हर्जन दर सहा तासांच्या आत लॉगआउट व्हायला हवं. कंपन्यांना त्यासाठी ९० दिवस दिले गेले. हेतू बरोबर आहे. इथलं सिम वापरून खातं उघडायचं आणि ते परदेशात बसून चालवायचं, ही पळवाट त्याने बंद होऊ शकते.

पण सुरगाण्यातल्या त्या ओट्यावर काय होईल? सिम वडिलांच्या खिशात आणि व्हॉट्सॲप आईच्या हातात. नियमाच्या नजरेत ही माउली आणि परदेशात बसलेला भामटा यांच्यात फरक नाही. दोघांच्याही फोनमध्ये सिम नाही.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आईला सिम घेऊन देते. पण दर महिन्याचं रिचार्ज कोण करणार?’’ भामट्यांना अडवायला हवंच, तिच्या मामांनाही असा एक कॉल येऊन गेलाय. फक्त त्याची किंमत कोण मोजतंय, हेही नियम करणाऱ्यांनी विचारायला हवं. २०१५ मध्ये लोकांनी ई-मेल लिहिले म्हणून डेटाचा भाव सारखा राहिला. ‘ट्राय’ आजही नवे मसुदे लोकांच्या मतासाठी ठेवतं. मराठी मुलखातल्या हॉस्टेलमधून तिथे किती मतं जातात?

तोवर रात्री साडेनऊला ओट्यावरून कॉल येतोय. आवाज थोडा फाटतो, पण येतो.

एवढं लक्षात ठेवा

• ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही. असा कॉल आला की कट करा आणि घरच्यांनाही हे आजच सांगा.
• पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. संशयास्पद कॉलची तक्रार ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’मध्ये करता येते.
• व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही. अडचणीत साधाच फोन लावा.
• कॉलेजच्या लॅबमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन स्वतः लॉगआउट करा.