साठाव्या जागी कोण?

डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीला अक्षर कळतं ते क्रमांकाने; कोणत्या क्रमांकावर कोणतं चिन्ह, हे एन्कोडिंग ठरवतं. जुन्या ‘ओटी१’ एन्कोडिंगमध्ये जागा फक्त १२८. त्याच्या रोमन फाँटात ६० क्रमांकावर उलटं उद्गारचिन्ह बसलंय, म्हणून मजकुरात ‘पेक्षा लहान’ची खूण टाइप केली की छापून भलतंच येतं. गणिताच्या ‘ओएमएल’मध्ये मात्र त्याच क्रमांकावर ती खूण बरोबर सापडते. १९९०मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात २५६ जागांचा तक्ता ठरला, तोच ‘टी१’. त्यात युरोपीय भाषांची चिन्हांकित अक्षरं अखंड मिळाली आणि ओळीअखेर शब्द नीट तुटू लागले. हा फायदा सर्वांत मोलाचा. ‘टेक’वर उभारलेल्या ‘लाटेक’मध्ये स्वतःचं एन्कोडिंगही घडवता येतं. त्याचं नाव ‘एल’ने सुरू करायचा संकेत आहे, तो जरूर पाळा.